वॉर्ड जवळ, शाळा दूर : खानदेशातील परिचर्या-प्रवेशाचा इतिहास

मुंबई इलाख्यातील जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, त्यांची मुख्य ठाणी अनुक्रमे जळगाव व धुळे येथे राहिली आणि पुढे हेच जिल्हे त्या शहरांच्या नावांनी ओळखले जाऊ लागले; धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा तिसरा जिल्हा वेगळा काढण्यात आला. तापीच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या या मुलखात सरकारी दवाखाने इंग्रजी अमदानीतच उभे राहिले, त्यांत रुग्णांच्या खाटा मांडल्या गेल्या आणि त्या खाटांशेजारी उभ्या राहणाऱ्या परिचारिकाही आल्या. मात्र त्या परिचारिका कोण असाव्यात, त्यांनी कोठे आणि कोणत्या अटींवर शिकावे, त्यांची निवड कोणी करावी, हे सर्व दीर्घकाळ खानदेशाबाहेर ठरत राहिले. परिचर्येचा, म्हणजे रुग्णाच्या शास्त्रशुद्ध सेवा-शुश्रूषेचा इतिहास बहुधा रुग्णालयांच्या इमारतींचा आणि नामांकित मेट्रनबाईंचा इतिहास म्हणून लिहिला जातो; त्या शिक्षणात प्रवेश कोणाला मिळाला आणि कोण बाहेर राहिले, हा प्रश्न त्यात मागे पडतो. खानदेशाच्या बाबतीत तर हाच प्रश्न मुख्य आहे.

आधुनिक परिचर्येच्या आधी खेड्यांतील बाळंतपणे सुईण करीत असे. तिची विद्या सासूकडून सुनेकडे किंवा आईकडून लेकीकडे येई, तिला कोणतीही परीक्षा नसे, आणि मोबदला म्हणून धान्य, लुगडे-चोळी किंवा पाचवीच्या पूजेचा मान मिळे. नाळ कापण्यासारखे काम अशुद्ध मानले जात असल्यामुळे अनेक गावांत ते विशिष्ट जातींतील स्त्रियांकडेच राहिले, आणि ही गोष्ट पुढील सर्व इतिहासावर सावलीसारखी पडून राहिली. कारण शरीराच्या स्रावांना हात लावणारी स्त्री म्हणजे हलके काम करणारी स्त्री, हा समज सुईणीवरून परिचारिकेकडे जसाच्या तसा सरकला. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या लेडी डफरिन यांच्या निधीने हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर, स्त्रियांची रुग्णालये आणि परिचारिका तयार करण्याचे काम हाती घेतले, तर १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या व्हिक्टोरिया मेमोरियल शिष्यवृत्ती निधीचा उद्देश परंपरागत दायांना स्वच्छ प्रसूतीचे शिक्षण देण्याचा होता. या दोन योजनांमध्ये एक महत्त्वाचा भेद होता. पहिलीत शिकलेली नवी स्त्री तयार करावयाची होती आणि दुसरीत काम करीत असलेल्या जुन्या स्त्रीला शिकवावयाचे होते. पुढील शंभर वर्षांत राज्यकर्त्यांचा कल पहिल्या मार्गाकडे झुकत गेला, आणि सुईण या व्यवसायाच्या उंबरठ्याबाहेरच राहिली.

मुंबईत १८८६ मध्ये सुरू झालेले कामा रुग्णालय हे स्त्रिया व मुलांसाठी होते आणि तेथे परिचारिकांच्या शिक्षणाची व्यवस्था लवकर झाली. १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या तेथे शिक्षणासाठी आल्या आणि प्रशिक्षण घेणारी पहिली भारतीय परिचारिका म्हणून परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत त्यांची नोंद केली जाते. त्या काळच्या निवडीत गुणपत्रिकेला फारसे स्थान नव्हते. मेट्रनच्या नावे अर्ज करावयाचा, चारित्र्याचा दाखला जोडावयाचा, प्रकृतीची तपासणी द्यावयाची आणि समोरासमोर मुलाखत द्यावयाची, अशी साधारण रीत होती. वसतिगृहात राहणे सक्तीचे असे आणि लहान मुले सांभाळावी लागणारी किंवा संसारात गुंतलेली स्त्री सहसा घेतली जात नसे. ज्या स्त्रीला घर नव्हते तिच्यासाठी हा व्यवसाय सर्वांत मोकळा होता, आणि या एका गोष्टीने परिचारिकेची समाजातील पहिली प्रतिमा घडवली.

महाराष्ट्रात या प्रतिमेला प्रतिष्ठा देण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न पुण्याच्या सेवासदनाने केला. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन स्थापन केले, १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचे सेवासदन उभे राहिले आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी त्याची संघटना बांधली. या संस्थेने हिंदू कुटुंबांतील स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्यासाठी पाठवले आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र वसतिगृह चालवले. महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या कार्याशी या प्रयत्नाचे नाते जवळचे होते, कारण दोन्हींच्या मुळाशी विधवेला स्वतःच्या पायावर उभे करण्याचा एकच विचार होता. सेवासदनाने वसतिगृहाला दिलेले महत्त्व समजून घेण्यासारखे आहे: ब्राह्मण किंवा मराठा घरातील मुलगी रात्रपाळी करते, परपुरुषाच्या अंगाला हात लावते, या कल्पनेनेच घरे बिथरत असत, आणि ती मुलगी कोणाच्या देखरेखीखाली राहते याचे समाधानकारक उत्तर मिळाल्याखेरीज तिला घराबाहेर पडू देण्यास कोणी तयार नव्हते. प्रवेशाचा निर्णय त्या काळी उमेदवाराच्या बुद्धीपेक्षा तिच्या निवासाच्या प्रश्नावर अधिक अवलंबून होता.

खानदेशातील मुलींसाठी पुणे आणि मुंबई दोन्ही दूर होती. भुसावळ हे मोठे रेल्वे जंक्शन असल्यामुळे मुंबईची गाडी मिळणे अवघड नव्हते, परंतु धुळे मुख्य रेल्वेमार्गापासून बाजूला, चाळीसगावहून येणाऱ्या फाट्यावर होते आणि त्यापलीकडील साक्री, शहादा, अक्राणी यांसारख्या भागांतून निघणाऱ्या मुलीला आधी बैलगाडीचा, मग मोटारीचा आणि मग आगगाडीचा प्रवास करावा लागे. जेथे हिंदू सुधारकांची पोच नव्हती तेथे मिशनरी पोहोचले. पश्चिम खानदेशात स्वीडिश आणि अमेरिकन मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून भिल्ल, मावची आणि अन्य समाजांत शाळा, वसतिगृहे आणि दवाखाने चालवले. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालय १९४०च्या दशकात सुरू झाले आणि आजही चालू आहे. मिशनच्या वसतिगृहांत वाढलेल्या मुलींना मिशनच्याच रुग्णालयात शिकावयास पाठवणे ही त्या व्यवस्थेची नैसर्गिक पुढची पायरी होती. मिरजेचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले होते आणि तेथील परिचर्या-शिक्षणाची कीर्ती महाराष्ट्रभर पसरली होती. मिशनच्या निवडीत पाळकाची शिफारस निर्णायक असे. आजच्या दृष्टीने तो निकष अन्यायकारक वाटू शकतो, तरीही ज्या आदिवासी आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांतील मुलींना कोणत्याही अन्य संस्थेने दारात उभे केले नसते, त्यांना या निकषाने प्रथम शिक्षित नोकरीच्या वाटेवर आणले, हे मान्य केले पाहिजे.

शिफारशीवर चालणाऱ्या या व्यवस्थेला कायद्याची चौकट १९३५ मध्ये मिळाली. त्या वर्षीच्या मुंबई इलाख्यातील कायद्याने परिचारिका, प्रसविका आणि आरोग्य अभ्यागता यांची नोंदणी सुरू केली. प्रसविका म्हणजे बाळंतपण करण्याचे शिक्षण घेतलेली स्त्री, आणि आरोग्य अभ्यागता म्हणजे घरोघर जाऊन माता-बालकांची पाहणी करणारी कर्मचारी. नोंदणी म्हणजे केवळ नावांची यादी नव्हती. ज्या शाळेला मान्यता, तिच्या परीक्षेला मान्यता आणि त्या परीक्षेत उत्तीर्ण होणारीला परिचारिका म्हणवून घेण्याचा अधिकार, अशी साखळी त्यातून तयार झाली, आणि शाळेच्या दारातील प्रवेश हाच पुढील सर्व अधिकारांचा आरंभ ठरला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये दिलेल्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नमूद केले. ही टंचाई भरून काढावयाची तर प्रवेशाची पात्रता उतरवावी लागणार होती, आणि व्यवसायाची प्रतिष्ठा वाढवावयाची तर ती चढवावी लागणार होती. स्वातंत्र्यानंतरचे सर्व धोरण या दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहिले.

भारतीय परिचर्या परिषद, म्हणजे देशभरातील परिचर्या-शिक्षणाचा दर्जा ठरवणारी मध्यवर्ती संस्था, १९४७ च्या कायद्याने अस्तित्वात आली. १९५० मध्ये परिषदेने जुन्या अनेक श्रेणी बंद करून दोनच पातळ्या ठेवण्याचा निर्णय घेतला. वरच्या पातळीवर सामान्य परिचर्या व प्रसविका हा पदविका अभ्यासक्रम होता, जो आज बोलण्यात जीएनएम म्हणून ओळखला जातो. खालच्या पातळीवर सहायक परिचारिका प्रसविका, म्हणजे एएनएम, हा कमी मुदतीचा अभ्यासक्रम होता. पहिलीसाठी मॅट्रिकची अपेक्षा धरली गेली, तर दुसरीसाठी त्याहून कमी शालेय शिक्षण पुरेसे मानले गेले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर मुंबई इलाखा, विदर्भ आणि मराठवाडा येथील निरनिराळे कायदे एकत्र करणारा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ मध्ये आला आणि राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणीचे काम गेले.

खानदेशाच्या दृष्टीने यातील खालची पातळीच अधिक परिणामकारक ठरली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा काम करू लागल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे आली आणि उपकेंद्रांचे जाळे वाढत गेले. पुढे मैदानी भागात ५,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष ठरला आणि प्रत्येक उपकेंद्राचा आधार एएनएम परिचारिका होती. चोपडा, यावल, रावेर या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात सरकारी आरोग्यसेवेचा चेहरा म्हणून लोकांनी डॉक्टरापेक्षा या ‘सिस्टरबाईं’नाच आधी ओळखले. जिल्हा रुग्णालयांना जोडलेल्या प्रशिक्षण केंद्रांमुळे घरापासून एका एसटीच्या अंतरावर शिकण्याची सोय झाली, विद्यावेतन मिळू लागले आणि नोकरीची शाश्वती होती. गरीब शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या किंवा अकाली वैधव्य आलेल्या मुलीच्या हाती पगाराची नोकरी देणारा हा मार्ग होता आणि खानदेशात त्याची स्पर्धा फार पूर्वीपासून तीव्र होती. जागा मोजक्या असत, अर्ज पुष्कळ येत, आणि दहावीच्या गुणांवर लावलेल्या यादीत नाव येणे ही त्या घरासाठी मोठी घटना असे. या अभ्यासक्रमाला इतिहासात कमी लेखले जाते, ते योग्य नाही.

पदवीचा प्रवाह याहून निराळ्या विचारातून आला. रुग्णालयाशी जोडलेल्या जुन्या शाळांत विद्यार्थिनी ही एका अर्थाने वॉर्डातील कामाचे मनुष्यबळ असे. तिला निवास, भोजन आणि विद्यावेतन मिळे आणि त्याबदल्यात ती पाळ्या करी, शिकणे हे त्या पाळ्यांच्या मधल्या वेळेत होई. विद्यापीठीय पदवीने हा करार मोडला. दिल्लीचे परिचर्या महाविद्यालय आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज येथे १९४६ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण सुरू झाले, म्हणजे शरीररचनाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र आणि सामाजिक आरोग्य यांचा विद्यापीठाच्या शिस्तीने अभ्यास करणारी विद्यार्थिनी प्रथमच घडू लागली. महाराष्ट्रात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालयाने १९६४ मध्ये मुंबईत हे काम हाती घेतले, आणि त्याच वर्षी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले परिचर्या महाविद्यालयही सुरू झाले. कर्वे यांनी विधवांसाठी उभ्या केलेल्या कार्यातूनच १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले होते. त्या विद्यापीठाने परिचर्येला पदवी दिली, आणि आश्रित स्त्रीचा आधार म्हणून सुरू झालेला व्यवसाय सुमारे दोन पिढ्यांच्या काळात विद्याशाखा बनला. हा प्रवास महाराष्ट्राने अभिमानाने सांगावा असा आहे.

परंतु या पदवीने दाराची उंचीही वाढवली. १९७० च्या दशकात दहा अधिक दोन हा आकृतिबंध आल्यावर पदवी-प्रवेशासाठी बारावी विज्ञान शाखेची, त्यातही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी या विषयांची अट स्थिर झाली. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयाची आणि अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयाची स्थापना १९४५ मध्ये झाली होती, धुळ्यातही महाविद्यालये उभी राहिली, त्यामुळे शहरांतील आणि रेल्वेलगतच्या गावांतील मुलींना विज्ञान शिकणे शक्य होते. डोंगरी तालुक्यांचे चित्र वेगळे होते. आश्रमशाळांत, म्हणजे आदिवासी मुलांसाठी सरकारने चालवलेल्या किंवा अनुदान दिलेल्या निवासी शाळांत, प्रयोगशाळा आणि विज्ञानशिक्षक मिळणे कठीण असल्यामुळे दहावीनंतर कला शाखा हाच बहुतेकींचा मार्ग राहिला. अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी कला शाखेत नाव घातले गेले की परिचर्येच्या पदवीचे दार त्या मुलीसाठी बंद झालेले असे, आणि बहुतेक वेळा तिला किंवा तिच्या पालकांना ते ठाऊकही नसे. शिवाय पदवीचे अध्यापन इंग्रजीत होते. घरात अहिराणी, पावरी किंवा मावची आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलीला तिसऱ्या-चौथ्या भाषेत शरीरशास्त्र शिकावे लागे. ज्या भाषेत रुग्ण आपले दुखणे सांगतो ती भाषा या मुलीला येत होती आणि प्रवेशाच्या कोणत्याही यादीत त्या ज्ञानाला एकही गुण नव्हता.

खानदेशात पदवीचे शिक्षण उशिरा येण्यामागे एक साधे तांत्रिक कारण आहे. परिचर्या महाविद्यालयाला स्वतःच्या किंवा संलग्न रुग्णालयात पुरेशा खाटा दाखवाव्या लागतात. परिषदेच्या निकषांत १०० खाटांच्या मातृरुग्णालयाची, म्हणजे महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेच्याच रुग्णालयाची, अपेक्षा आहे. म्हणून परिचर्या-शिक्षण मोठ्या रुग्णालयाच्या मागोमाग चालते, आणि मोठी रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांबरोबर आली. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले, त्याच शहरात अण्णासाहेब चुडामण पाटील यांच्या नावाचे खाजगी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, जळगावजवळ डॉ. उल्हास पाटील वैद्यकीय महाविद्यालय आणि ते चालवणाऱ्या गोदावरी फाउंडेशनचेच परिचर्या महाविद्यालय उभे राहिले, आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा उच्चशिक्षणाची सूत्रे पुण्याहून खानदेशात आली असे वाटले होते. पण १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाल्यावर वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद आणि परिचर्या यांची सर्व महाविद्यालये त्याच्याशी जोडली गेली. परिचर्येची पदवी घेणाऱ्या जळगावच्या मुलीच्या प्रमाणपत्रावर म्हणूनच आज बहिणाबाई चौधरींचे नाव धारण करणाऱ्या आपल्या घरच्या विद्यापीठाचे नाव नसते.

खाजगी महाविद्यालये वाढू लागली तशी ‘प्रवेश कोण देणार’ हा प्रश्न न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांतील जागा गुणवत्तेवर भरण्याची योजना घालून दिली, २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात संस्थांच्या स्वायत्ततेला अधिक वाव दिला आणि २००५ च्या इनामदार निकालात विनाअनुदानित संस्थांवर सरकारी कोटा लादता येणार नाही असे सांगतानाच प्रवेश पारदर्शक असावेत आणि नफेखोरी होऊ नये हेही बजावले. महाराष्ट्राने २०१५ मध्ये खाजगी व्यावसायिक संस्थांतील प्रवेश आणि शुल्क यांचे नियमन करणारा कायदा केला, आणि त्यातून सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला सीईटी सेल, आणि शुल्क नियामक प्राधिकरण या दोन यंत्रणा उभ्या राहिल्या. तोपर्यंतच्या काळात खेड्यातील पालकाला महाविद्यालयाच्या कार्यालयात बसून शुल्काचा आकडा ऐकावा लागे आणि तो आकडा खरा की वाढवलेला हे पडताळण्याचे साधन त्याच्याकडे नसे. या कायद्याने ते साधन दिले, ही त्याची सर्वांत मोठी कामगिरी होय.

निवडीचा आधार मात्र वारंवार बदलत गेला. मध्यंतरी काही वर्षे राज्यातील बी.एस्सी. नर्सिंगचे प्रवेश वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठीच्या ‘नीट’ या राष्ट्रीय परीक्षेच्या प्रक्रियेतूनच होत. त्यामुळे ज्यांनी डॉक्टर होण्यासाठी तयारी केली आणि ज्यांचे गुण कमी पडले, त्या मुला-मुलींची परिचर्या ही तिसरी-चौथी पसंती ठरली, आणि जिला प्रथमपासून परिचारिकाच व्हावयाचे होते तिला मात्र वैद्यकाची परीक्षा द्यावी लागली. परिचर्या परिषदेच्या जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनी चार वर्षांच्या आठ सत्रांचा नवा अभ्यासक्रम आणला, बारावीत विहित विषयांत ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुणांची अट ठेवली आणि स्वतंत्र प्रवेशपरीक्षेचा आराखडा दिला. त्यानुसार राज्यात सुरू झालेल्या नर्सिंग सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येचा कल या पाच भागांना प्रत्येकी २० असे १०० गुण आहेत. पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला ५० आणि राखीव प्रवर्गांना ४० पर्सेंटाइल लागतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे, तर परीक्षा दिलेल्यांपैकी किती टक्के उमेदवार आपल्या मागे राहिले त्याचे माप होय. परिचर्येच्या कलाला परीक्षेत पाचवा हिस्सा मिळाला ही समाधानाची गोष्ट आहे. जुन्या मेट्रनबाई मुलाखतीत जे शोधत असत, म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्याकडे पाहण्याची उमेदवाराची वृत्ती, तिला निदान कागदावर तरी पुन्हा स्थान मिळाले.

यादीच्या दुसऱ्या एका नियमाने खानदेशाला दीर्घकाळ बाधा आणली. आरोग्यशास्त्राच्या प्रवेशांत राज्यातील जागांपैकी ७० टक्के विभागातील विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के सर्व राज्याला असे सूत्र होते, आणि त्यासाठी विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग धरले जात. खानदेश उर्वरित महाराष्ट्रात मोडत असल्यामुळे शिरपूर किंवा पाचोऱ्याच्या मुलीची तुलना पुणे, मुंबई आणि नाशिकच्या शिकवणी-वर्गांतून आलेल्या मुलींशी होई. विदर्भ-मराठवाड्याला स्वतंत्र विभाग म्हणून जे स्थान होते ते तितक्याच मागे राहिलेल्या सातपुड्याला मिळाले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने हे सूत्र रद्द केले. त्यावर मराठवाड्यात समाधान आणि अन्यत्र नाराजी व्यक्त झाली, पण खानदेशाला आपल्या विभागाच्या नावाखाली जे कधी मिळालेच नव्हते त्याचा हिशेब कोणी मांडला नाही.

आजचा प्रवेश ही परीक्षेपेक्षाही कागदपत्रांची आणि वेळापत्रकाची कसोटी झाली आहे. ऑनलाइन नोंदणी, पसंतीक्रमाचा अर्ज, कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या फेऱ्या, मिळालेली जागा स्वीकारणे किंवा पुढच्या फेरीची वाट पाहणे आणि अखेरीस संस्थास्तरावरील फेरी, या सर्व पायऱ्या ठरलेल्या तारखांना चढाव्या लागतात. राखीव प्रवर्गांसाठी अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तेथे नॉन-क्रिमी लेअर प्रमाणपत्र आणि त्याहून अवघड असे जातवैधता प्रमाणपत्र लागते. १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार पडताळणी समिती पूर्वजांच्या शाळेतील आणि महसुली नोंदी तपासून हे प्रमाणपत्र देते. ज्या घरात शाळेची पायरी चढणारी ती मुलगीच पहिली, त्या घरात आजोबांच्या शाळेची नोंद मिळणार कोठून, हा प्रश्न पश्चिम खानदेशातील अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो. त्यातच बारावीचा निकाल आणि प्रवेशाच्या फेऱ्या यांचा काळ खानदेशाच्या शेतीच्या तंगीशी बरोबर जुळतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, त्याच सुमारास घरात मुलीच्या लग्नाच्या गोष्टी निघतात. जून-जुलैमध्ये हातातील पैसा कापसाच्या बियाण्यात आणि खतात गेलेला असतो, आणि कापूस विकून पैसा हाती येतो तो दिवाळीच्या आगेमागे, जेव्हा प्रवेशाच्या फेऱ्या संपत आलेल्या असतात. गुणवत्ता यादीत नाव येऊनही शुल्काअभावी जागा सोडणारी मुलगी कोणत्याही आकडेवारीत नापास म्हणून मोजली जात नाही.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क, केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, पूर्ण माफ केले, आणि लेवा, कुणबी, माळी, गुजर अशा खानदेशातील शेतकरी घरांना त्याचा थेट लाभ होऊ शकतो. त्याआधी १ फेब्रुवारी २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०१४ नंतर स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांशेजारी १५७ परिचर्या महाविद्यालये उभारण्याची घोषणा झाली होती. पैसा आणि इमारत या दोन जुन्या अडचणींवर उपाय सुरू झाला असे यावरून म्हणता येते. सातपुड्यातील मुलीची अडचण मात्र त्याआधीची आहे, अकरावीच्या वर्गातली. धडगाव, अक्कलकुवा, यावल आणि साक्रीच्या आश्रमशाळांत विज्ञान शाखा प्रयोगशाळेसह उभी करावी, जातवैधतेचा अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत भरून घ्यावा, आणि सातपुड्यातील चांदसैली घाट उतरून परीक्षेला येणाऱ्या मुलीची आदल्या रात्रीची राहण्याची सोय जिल्हा प्रशासनाने करावी.